चरख्यावरील प्लॅस्टिक

तीर्थक्षेत्री साचणाऱ्या कचऱ्यातील पाण्याच्या बाटल्या फार काळ पडून राहत नाहीत. भंगारात त्यांना भाव असल्याने कचरावेचक भगिनी त्या आवर्जून उचलतात. प्रसादाची पातळ पिशवी व वेफर्सचे चकचकीत वेष्टन यांना मात्र कोणी विचारीत नाही. ती वजनाला हलकी. शिवाय वेष्टनात प्लॅस्टिकच्या थरांवर धातूचा सूक्ष्म लेप असल्याने ते वितळवून पुन्हा वापरणेही अवघड. हेच पुढे गाईगुरांच्या पोटात जाते आणि घाटांवर अडकते.

या बिनमोलाच्या कचऱ्याला मोल आणणारे उद्योग पुण्यात उभे राहिले आहेत. अमिता देशपांडे यांचा ‘रीचरखा’ व नंदन भट यांचा ‘इकोकारी’ ही त्यांतील परिचित नावे होत. तेथील कृती भाविकांनी जाणून घेण्याजोगी आहे. जमा झालेले प्लॅस्टिक धुऊन वाळवितात, रंग व जाडीप्रमाणे निवडतात. मग कात्रीने लांब पट्ट्या कापून चरख्यावर कांड्या भरतात आणि त्या पट्ट्या हातमागावर बाणा म्हणून घालतात. ताणा नेहमीच्या धाग्याचा असतो. वेष्टनाचा जो रंग, तोच कापडाचा! या कापडाच्या पिशव्या, पाकिटे, चटया शिवल्या जातात. काही वितळवावयाचे नसल्याने धूर नाही, आणि सर्व काम हातांचे असल्याने अनेक स्त्रियांना त्यातून रोजगार मिळतो.

या वस्तू बाजारातील पिशवीहून महाग का, असा प्रश्न देणगीदार विचारतात. प्लॅस्टिकला किंमत नव्हतीच. मोजावयाची ती धुणाऱ्या, कापणाऱ्या व विणणाऱ्या हातांची मजुरी. असा उद्योग विक्रीवर तगतो, त्यामुळे येथे खरेदी हेच साहाय्य ठरते.

अर्थात, साऱ्या शहराचा कचरा हातमागावर विणून संपणार नाही, आणि कापड विरल्यावरही प्लॅस्टिक उरतेच. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर आली; परंतु बिस्किटे, वेफर्स यांची कारखान्यातच भरलेली वेष्टने तीतून वगळली गेली. ती आपल्या हाती येतच राहणार.

या कामात धुण्याचे कष्ट मोठे असतात. तेलकट, चिकट पिशवी पाणीही फार घेते. यास्तव रिकामे वेष्टन झटकून, पुसून, निर्माल्यात व खरकट्यात न मिसळता, कोरड्या कचऱ्याच्या पेटीतच टाकावे.