अंधुक सभागृहातील कबड्डीचे छायाचित्र

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी येथे एका शाळेच्या सभागृहात कबड्डीचा सामना चालू आहे. चढाईपटू पकडीत सापडला आहे आणि मध्यरेषेकडे हात लांबवीत आहे. हात रेषेपर्यंत पोचला तर गुण त्याच्या संघाला, न पोचला तर प्रतिपक्षाला. नेमक्या त्याच क्षणी कोणीतरी छायाचित्र घेतले. पण चित्रात हाताच्या जागी धुरकट पट्टा तेवढा दिसतो. वाद मिटण्याऐवजी वाढतो! असे का व्हावे?

कॅमेऱ्याचे शटर १/६० सेकंद उघडे होते असे धरू. हा काळ वरवर पाहता नगण्य वाटतो. परंतु हाताचा वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर तेवढ्यात हात सुमारे १७ सें.मी. पुढे सरकतो. रेषा तर अगदीच अरुंद. मग हात तिला लागला की नाही, हे त्या पट्ट्यावरून कोण सांगणार? शटर १/५०० सेकंदच उघडे ठेवले, तर हात फक्त २ सें.मी. सरकेल आणि चित्र पुष्कळच रेखीव येईल.

मग अडचण कोठे आहे? प्रकाशात. भर दुपारी मैदानावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. चांगले दिवे असलेल्या सभागृहात ५०० लक्स धरू. म्हणजे दोनशेवा हिस्सा! आपले डोळे मंद उजेडाशी सहज जुळवून घेतात, म्हणून एवढा फरक आपल्या ध्यानातही येत नाही.

छायाचित्रकारांचा एक जुना आडाखा आहे : कडक उन्हात संवेदनक्षमता (आय.एस.ओ.) १००, भिंगाचे छिद्र एफ/१६ आणि शटर १/१०० सेकंद. सभागृहात प्रकाश २०० पट कमी, शिवाय शटर पाचपट जलद हवे. म्हणजे एकूण उणीव १००० पट. छिद्र एफ/२ केले की त्याचा व्यास ८ पट व क्षेत्रफळ ६४ पट होते. संवेदनक्षमता १६०० केली की आणखी १६ पट. ६४ × १६ = १०२४. हिशेब जुळला!

मात्र याची किंमत मोजावी लागते. छिद्र मोठे झाले की थोडाच भाग स्पष्ट येतो, मागचेपुढचे खेळाडू पुसट होतात. आणि संवेदनक्षमता वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. आलेल्या थोड्या प्रकाशाचा संकेत मोठा केला जातो, इतकेच. एका बिंदूवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील, तर त्या संख्येत सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्का चढउतार असतो. १०० च कण पडत असतील, तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के! चित्र रवाळ दिसते ते यामुळे. माझ्या मते रवाळ चित्र पत्करावे, पुसट नको. पुसट झालेला हात नंतर कोणत्याही उपायाने खात्रीने परत मिळत नाही.

काही वेळा खेळच मदतीला येतो. व्हॉलीबॉलमध्ये सरळ वर उडालेला खेळाडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो. त्या बिंदूच्या १/२० सेकंद आधी वा नंतरही त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटरच असतो. तेथे १/१२५ सेकंदाचे शटरही चालते. कबड्डीत मात्र ही युक्ती अपुरी पडते, कारण झेपेतला आडवा वेग कायम राहतो. तेथे चढाईपटू आपल्या दिशेने येत असताना चित्र घ्यावे. समोरून येणारा खेळाडू चित्रात फारसा सरकत नाही.

झगझगाटाचा दिवा वापरला तर? अमेरिकेतील हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेच्या क्षणिक झोतांनी वेगवान हालचाली गोठवून दाखवल्या. पण ३ मीटरवर पुरणारा झोत १२ मीटरवर सोळावा हिस्साच उरतो. शिवाय खेळाडूचे डोळे दिपतात, म्हणून सामन्यात तो टाळलेलाच बरा.

आणखी एक गंमत आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. १/१०० सेकंदात एक पूर्ण आवर्तन येते. १/५०० सेकंदात त्याचा तुकडाच सापडतो. शाळेत जुना, चोक असलेला नळीदिवा असेल तर शिक्षकांच्या मदतीने पाहा : ज्या फोनमध्ये शटरचा काळ हाताने ठरवता येतो, तो स्थिर ठेवून दिव्याने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीची १/१०० सेकंदाने पाच व १/५०० सेकंदाने पाच चित्रे घ्या. दुसऱ्या संचात भिंतीवर आडवे किंवा उभे काळपट पट्टे आढळू शकतील. ते मोजून ठेवा.