समुद्रातून उगवणारा सूर्य पनवेलजवळ मिळेल का?

प्रश्न : माझी मैत्रीण सिडनीत असते. तिथल्या पिवळट वालुकाश्माच्या कड्यांवरून ती समुद्रातून वर येणाऱ्या सूर्याचे फोटो पाठवते. जानेवारीत ती इकडे येते आहे. आम्हा दोघींना असा फोटो जवळपास कुठे काढता येईल?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : तसाच्या तसा नाही मिळणार. सिडनीचा समुद्र पूर्वेला, आपला पश्चिमेला. मार्च-सप्टेंबरात तर पनवेलचा सूर्य प्रबळगडाच्या आडून येतो, तोही उशिरा. सुमारे ७०० मीटर उंचीचा डोंगर ११-१२ किलोमीटरवर असला की क्षितिज साधारण साडेतीन अंश वर जातं. एक अंश चढायला सूर्याला आपल्याकडे चार मिनिटांहून थोडं जास्त लागतं. म्हणजे पंचांगातल्या वेळेनंतर १४-१५ मिनिटं वाट बघा.

वालुकाश्माचे कडेही आपल्याकडे नाहीत. रायगडचा किनारा काळ्या बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वाळू आणि शिंपल्यांचा चुन्याने जखडलेला ‘करल’ हा खडक कोकणात सापडतो खरा. वालुकाश्माची ती लांबची बहीण, पण तिचे काही कडे होत नाहीत.

तरी जाच, आणि कोर्लईला जा. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी समुद्रात घुसलेली ती अरुंद डोंगराची सोंड, वर पोर्तुगीजांचा किल्ला. (पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात. उतरल्यावर कान उघडे ठेवा.) सोंडेच्या पूर्वेला खाडीचं पाणी, पश्चिमेला अरबी समुद्र. सूर्य पलीकडच्या डोंगरावरून उगवेल, पण त्याचं प्रतिबिंब खाडीत उतरेल.

मला विचाराल तर खरा फोटो पाठीमागे आहे. सूर्योदयाआधी १५-२० मिनिटं पश्चिमेच्या समुद्रावर निळसर राखाडी पट्टा दिसतो आणि त्यावर गुलाबी झाक. तो राखाडी पट्टा ढगांचा नव्हे. ती पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. सूर्य जसा वर येतो तशी ती समुद्रात बुडत जाते. पहाटे ती समुद्रावर पाहायला पश्चिम किनाराच लागतो. सिडनीच्या कड्यावर तुमच्या मैत्रिणीच्या पाठीशी तेव्हा शहर असतं.

काळा दगड चौकटीत आला की कॅमेरा फोटो उगाच उजळतो आणि आकाशाचे रंग धुऊन निघतात. मोबाइलवर आकाशावर बोट टेकवा, उजेड कमी करा, दगड काळाच राहू द्या. अंधारात तिपाई हवीच. भिंगातून थेट सूर्याकडे बघू नका.

जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. किल्ल्यात किती वाजता सोडतात ते आदल्या संध्याकाळी गावात विचारून ठेवा. अंधारात तटावर चढू नका. एकीने पूर्वेकडे तोंड करावं, दुसरीने पश्चिमेकडे. आणि फोटो आम्हालाही पाठवा, पश्चिमेकडचा आधी.