आधी ब्लॉक मोज, मग पिस्टन घे

बाळा, इंजिन उघडायच्या आधी गाडी काय सांगतेय ते ऐक. ॲक्सिलरेटर पिळताना निळा धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर भसकन आला तर व्हॉल्व्हचे गाइड, सील. शंका राहिली तर कॉम्प्रेशन मोज, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोज. आकडा चढला तर रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर हेड बघ, ब्लॉकला हात लावू नकोस. एकदा कापलेलं बीड परत भरून येत नाही.

हे मी मामांकडून शिकलो. मामा परळच्या एका गिरणीत फिटर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी सुटली ती कायमचीच. मग लालबागला चाळीखाली मोटरसायकली उघडायला लागले. मोजल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, ही सवय तेवढी गिरणीतून सोबत आली.

बोअर गेज नसेल तर त्यांची युक्ती वापर. नवी रिंग ब्लॉकमध्ये घाल, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकल आणि तोंडाची फट फिलर गेजने मोज. एकदा अगदी तळाशी, जिथे रिंग कधी पोहोचत नाही. एकदा वरून बोटभर खाली, जिथे सगळ्यात जास्त घासतं. दोन्हींतल्या फरकाला 3.14 ने भाग. बोअर व्यासात तेवढा झिजलाय. तळाशी 0.35, वर 0.80 आली, तर फरक 0.45, म्हणजे झीज साधारण 0.14 मिलिमीटर. मग पंचवीसचा, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा, पिस्टन पुरेल असं वाटतं. पण झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन पुढच्या-मागच्या भिंतीवर दाबतो, तिथेच जास्त खातं. बोअर मधोमध ठेवून कापायचा तर पन्नासचाच घ्यावा लागतो. जुन्या पिस्टनच्या डोक्यावरचा पंच आधी वाच. जुन्या बुलेटच्या पिस्टनवर 20, 40 असेल तर ते थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग आहेत. 20 थाऊ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला थोडं वर. ड्यूकसारख्या गाड्यांच्या ब्लॉकला आतून कडक लेप असतो, तो बोअर करायचाच नाही.

पिस्टन घ्यायला ऑपेरा हाउसला जाशील तेव्हा जुना पिस्टन पिन, रिंगा, लॉकसकट फडक्यात बांधून ने. नुसती उंची आणि पिनची जाडी बघू नकोस, वजनही कर. मामा ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर दोन्ही सेट तोलून घ्यायचे. एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचं वजन त्या एकाच पिस्टनला धरून ठरवलेलं असतं. नवा बराच जड निघाला तर हँडलला मुंग्या येतात, आणि त्याला मग काही इलाज नाही.

पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक लेथवाल्याकडे द्यायचा नाही. डब्यावरच्या आकड्यावर कापून घेऊ नकोस. पिस्टन स्कर्टला, पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्यात कंपनीच्या पुस्तकातला क्लिअरन्स मिळवून होनिंग करायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून "जरा टाइट ठेवतो, जास्त टिकेल" म्हणणाऱ्याचं ऐकलंस तर सायनच्या सिग्नलला पिस्टन धरेल. रिंगेची फट इंचाला 4 थाऊ. बुलेटचा 70 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे 11 थाऊ.

बोअरिंगहून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण नसतो. होनिंगच्या रेघांत दगडाची भुकटी बसलेली असते आणि पेट्रोलने ती निघत नाही, पेट्रोल उडून जातं, भुकटी तिथेच. गरम पाणी, साबण, ब्रश. घासायचं, मग पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवायचं. राखाडी आलं की परत घास. पहिल्यांदा मी तिसऱ्या फडक्यालाच थांबलो होतो. मामांनी पांढरी चिंधी करंगळीला गुंडाळून आत फिरवली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली. सातव्यांदा ती पांढरी निघाली. धुऊन झालं की लगेच ऑइल फास. पावसाळ्यात आपल्या हवेत चहा पिऊन येईपर्यंत बिडावर तांबूस झाक चढते.

बसवताना क्रँककेसच्या तोंडात चिंधी कोंब. लॉक उडून आत पडलं तर सगळं इंजिन उघडावं लागतं. लॉक दर वेळी नवीनच. पिन हातोड्याने ठोकू नकोस, कनेक्टिंग वाकतो. पिस्टन गरम पाण्यात ठेव, पिन अंगठ्याने जाते. तीन रिंगांची तोंडं तीन दिशांना सारखी वाटून लाव. टू-स्ट्रोक असेल तर रिंगेचं तोंड खोबणीतल्या खुंटीवरच यायला हवं.

चालू झाली की उभी ठेवून गुरगुरत बसू नकोस. रविवारी पहाटे ईस्टर्न एक्सप्रेसने ठाण्यापर्यंत ने, ॲक्सिलरेटर हळू चढव, सोड, परत चढव. एकाच वेगाने नको. परत आलास की गरम असतानाच ऑइल काढ आणि उन्हात थाळीत धरून बघ. थोडी चमक असणारच. बोटाला कण लागले तर मला फोन कर, गाडी परत चालू करू नकोस.