जुना पार्ट हातातून सोडू नका

आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातून निघालेल्या मॅटॅडोरने महाराष्ट्रात शाळेची मुलं नेली, वऱ्हाडं नेली, भाजी आणि मंडपाचं सामान वाहिलं. ती कंपनी आज फोर्स मोटर्स या नावाने चालते. मॅटॅडोर मात्र कधीच बंद झाली. आमची गाडी नव्वदीच्या सुरुवातीची. तिच्यात मर्सिडीजच्या परवान्यावर इथे बनलेलं ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं २.४ लिटर डिझेल इंजिन आहे. इंजिन दणकट आहे. पण रस्त्यावरच्या घाईच्या दुरुस्तीने एखादी गाडी कशी खचते, ते मी पाहिलं आहे.

कोकणातून कराडकडे येताना गाडीच्या तापमानाचा काटा चढू लागला. वाटेतल्या गॅरेजातल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. पाणी मोकळं फिरेल, इंजिन थंड राहील, हा त्याचा हिशोब. सपाटीवर तो खराही वाटला. कुंभार्ली घाटात मात्र पाणी उकळलं आणि हेड गॅस्केट गेलं.

या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. तापल्यावर एक रेडिएटरची वाट उघडते, तर दुसरी बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येतं. मूळ दोष वेगळाच होता : रेडिएटर आतून चोक झाला होता. शिवाय काढलेला थर्मोस्टॅट गॅरेजच्या भंगारात गेला. पुढे पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत एकच प्रश्न आला, ‘सॅम्पल आणलंय का?’

म्हणून पहिला नियम : निघालेला प्रत्येक पार्ट, तुटका असला तरी, पिशवीत घालून घरी आणा. जुन्या गाडीच्या कागदावरचा नंबर दर वेळी जुळत नाही. माप, आटे, छिद्रांची जागा तो तुकडाच सांगतो. काहीच मिळालं नाही, तर त्याच्यावरून लेथवर बुश किंवा पिन बनवून घेता येते.

इंजिनाचे पार्ट शोधताना दुकानात ‘मॅटॅडोरचं’ म्हटलं की मान हलते. त्याऐवजी इंजिनाचं नाव सांगा. याच घराण्याचं इंजिन टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्येही बसलं, त्यामुळे नोझल, हीटर प्लग, वॉटर पंप आजही सापडतात. घेण्याआधी सॅम्पलशेजारी ठेवून पाहा. खरी टंचाई बॉडीच्या पार्टची आहे. काचेचं रबर, दाराची हँडल, दिव्यांच्या काचा यांच्यासाठी पुण्याचा जुना बाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार फिरत राहा. दिसलं की घ्या, गरज पडेपर्यंत थांबू नका.

रस्त्यावर काय करावं, तेही सांगतो. गाडी तापली तर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. झाकणाला हात लावता येईपर्यंत थांबा.

डिझेल संपून किंवा पाइप सैल होऊन इंजिनाने एअर घेतली, तर फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येऊ लागलं की स्क्रू आवळा. जुने तांब्याचे वॉशर पुन्हा वापरले तर तिथूनच गळती सुरू होते. नवे जवळ ठेवा.

चार्जिंगचा दिवा लागला तर आधी पट्टा पाहा. पट्टा शाबूत असून फक्त अल्टरनेटर गेला असेल, तर सुरू झालेलं हे इंजिन विजेवर अवलंबून नसतं. बंद न करता दिवसाउजेडी गावापर्यंत येता येतं. पट्टाच तुटला असेल तर लगेच थांबा. वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो.

ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या बाबतीत मात्र जुगाड नकोच. ब्रेकचा होज फुगला किंवा स्टिअरिंगच्या जोडाला खेळ आला, तर क्रेन बोलवा. या गाडीत आपल्यासोबत आपली माणसं बसतात. मिस्त्री कितीही आग्रहाने ‘पोचाल’ म्हणाला तरी, कोणता पार्ट का काढला आणि त्याच्या जागी काय बसवलं, हे समजल्याशिवाय चावी फिरवू नका.