बॅटन हाती येण्याआधी

मुलगी व्हायोलिन शिकते आणि आता म्हणते, मला कंडक्टर व्हायचंय. बोरिवली असो वा मुलुंड, घरात पहिला प्रश्न येतो तो पोटापाण्याचा. प्रश्न रास्त आहे. नुसतं संचालन करून घर चालेल अशा जागा भारतात फारच थोड्या. 2006 मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियातही पुष्कळ वादक परदेशातून येतात. तरीही लगेच ‘नाही’ म्हणू नका.

कंडक्टर झुबिन मेहता 1936 साली मुंबईत जन्मले. वडील मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, तरी मुलानं आधी डॉक्टरकीचा अभ्यास धरला. तो सोडून 1954 मध्ये ते व्हिएन्नाला गेले. हान्स स्वारोव्स्कींकडे संचालन शिकताना ते डबल बासही वाजवत. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून मित्र क्लाउडिओ अबादोसह चक्क गायकवृंदात उभे राहिले. लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या ऑर्केस्ट्रांची पदं नंतरची. मुलांना सांगावी ती ही गोष्ट.

कारण समोर बसलेला प्रत्येक जण आपल्या वाद्यात कंडक्टरपेक्षा जाणकार असतो. त्याला हुकूम नको असतो. आपण कुठे शिरायचं, किती हळू वाजवायचं, कुणाला पुढे येऊ द्यायचं, हे स्पष्ट हवं असतं. चूक ऐकू आली तर ती नेमकी कुणाची, हे कानाला कळलं पाहिजे आणि माणूस न दुखावता सांगता आलं पाहिजे. हे रांगेत बसून वाजवल्याशिवाय येत नाही. म्हणून एकट्यानं ग्रेडच्या परीक्षा देत राहणाऱ्या मुलाला आधी एखाद्या वृंदात बसवा, तेही मागच्या रांगेत.

मुंबईत या कौशल्याला आणखी एक दार आहे: अरेंजरचं. गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा हिंदी चित्रपटांचे संगीतकार शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यमेळ लिहून देत. आपले अनिल मोहिलेही मूळचे व्हायोलिनवादक. अरेंजर म्हणून त्यांनी नाव कमावलं आणि अरुण पौडवालांबरोबर ‘अष्टविनायक’ चित्रपटाला संगीतही दिलं. आज अंधेरीच्या स्टुडिओंत बरंच काम संगणकावर होतं, पण वीस वादक एकत्र बसले की स्वरलिपी लिहिणारा आणि ती वाजवून घेणारा माणूस लागतोच.

पदवी मात्र सोडू देऊ नका. कॉलेज सांभाळून रोजचा रियाज होतो. लोकलचा प्रवास वाचेल असा शिक्षक जवळपास शोधा. परदेशी संचालन शिकायचं असेल तर प्रवेशाच्या वेळी साधारणपणे पियानो, कानाची परीक्षा आणि प्रत्यक्ष वादकांसमोरचं संचालन पाहिलं जातं. तेव्हा व्हायोलिनच्या जोडीला पियानो दहावीनंतर नव्हे, आत्ताच सुरू करा.