विखुरलेलीं पानें आणि याद्यांची सांखळी

भिवंडीच्या गोदामांची वर्दळ रोज पाहणाऱ्या मुलांस हा पाठ जड जाऊं नये. एका व्यापाऱ्याचा माल एकाच गाळ्यांत मावतोच असें नाहीं. कांहीं गांठी येथें, कांहीं पलीकडे. ट्रकवाल्याच्या हातीं मात्र यादी असते: कोणता गाळा, कोणत्या रांगेपासून, किती गांठी.

संगणकाच्या मेमरींतही असेंच आहे. प्रोग्रॅमला आपला मजकूर सलग भासतो. वस्तुतः तो बहुधा ४,०९६ बाइटांच्या पानांत दूरदूर विखुरलेला असतो. तो डिस्कवर लिहितांना ड्रायव्हर हीं पानें एके ठिकाणीं जमवीत बसत नाहीं. त्यांची यादीच डिस्कच्या नियंत्रकास देतो. प्रत्येक नोंदींत पान, आरंभस्थान व लांबी.

पण यादीच लांबली तर? लिनक्समध्यें ६४-बिटी यंत्रावर अशी नोंद सामान्यतः ३२ बाइट घेते, म्हणून एका पानांत १२८ नोंदी बसतात. जानेवारी २००८ मध्यें निघालेल्या २.६.२४ ह्या आवृत्तीपासून याद्यांची सांखळी करण्याची सोय झाली. शेवटच्या स्थानीं माल न लिहितां पुढील यादीचा पत्ता लिहावयाचा. ३०० नोंदी असल्यास १२७, १२७ व ४६ अशा तीन याद्या होतात. स्थान दुव्याचें कीं मालाचें, हें कसें ओळखावें? नोंदींतील पत्ता चोहोंनीं निःशेष भागला जातो, म्हणून त्याचे शेवटचे दोन बिट मोकळे राहतात. त्यांपैकीं एक दुव्याची खूण, दुसरा समाप्तीची. ही काटकसर आम्हांस फार आवडते.

घात होतो तो येथेंच. जुन्या वळणाचा ड्रायव्हर प्रत्येक वेळीं ३२ बाइट पुढें सरकतो. तो दुव्यालाच माल समजतो, आणि यादी संपली तरी न थांबतां भलत्याच मेमरींत पाऊल टाकतो. लहान फायली सुखरूप जातात, चांचणीही पार पडते. मोठी मागणी आली म्हणजे मात्र एखाद्या कारखानदाराचा वर्षाचा हिशेब डिस्कवर बिघडून पडावयाचा, आणि कळावयाचें तो उघडतांना! म्हणून पुढील नोंद ‘एसजी-नेक्स्ट’ ह्या कार्याकडूनच मागावी. तें खूण पाहून थांबतें किंवा दुवा ओलांडतें.

आणखी एक खोंच आहे. यादी नियंत्रकासाठीं तयार होतांना लगतचीं पानें कधीं एक होतात व नोंदींची संख्या घटते. नियंत्रकास द्यावयाची ती ही घटलेली संख्या; काम आटोपून यादी सोडतांना मात्र मूळचीच संख्या सांगावी लागते.