गाडी झाडावर आदळली, रक्त आलं नाही, तरीही...

गाडी डांबरी रस्ता सोडून शेताच्या वाटेला, नदीच्या पात्रात किंवा खाणीत उतरली की बहुतेक जण बेल्ट काढून टाकतात. 'बांधापर्यंतच तर जायचंय' असं म्हणत एखादं पोरगं मांडीवर घेतलं जातं, दोघं पिकअपच्या हौद्यात उभे राहतात, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरही कुणी ना कुणी बसलेलं असतंच. मग चाक खड्ड्यात जातं, स्टिअरिंग हिसका देतं आणि गाडी बाभळीवर, विहिरीच्या कठड्यावर किंवा दगडी बांधावर जाऊन आदळते.

समोर दुसरी उभी गाडी असती तर तीही चेपली असती, थोडी मागे ढकलली गेली असती. झाड जागचं हलत नाही. शिवाय बुंधा अरुंद असल्यानं सगळा मार गाडीच्या एकाच जागी बसतो आणि पत्रा थेट आत घुसतो. ताशी 40 किलोमीटर वेगानं झाडावर आदळणं म्हणजे सहा मीटरवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्यासारखं आहे. गाडी थांबली तरी आतला माणूस त्याच वेगानं पुढे जातो आणि स्टिअरिंगवर नाहीतर डॅशबोर्डवर आपटतो. बेल्ट नसेल तर बाहेरही फेकला जातो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पोटाच्या माराची. स्टिअरिंगची कड पोटात बसते. वरून साधं खरचटलेलं किंवा निळसर वळ एवढंच दिसतं. माणूस उठून चालतो, गाडी बाहेर काढायला हातभारही लावतो. आत मात्र प्लीहा किंवा यकृत फाटून हळूहळू रक्त साचत असतं. डाव्या बरगडीखाली दुखणं आणि मार न लागताही डावा खांदा दुखणं ही प्लीहेच्या इजेची खूण असू शकते. आतड्याला भोक पडलं असेल तर दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वाढतं आणि पोट टणक होतं. सुरुवातीच्या सोनोग्राफीत हे सुटू शकतं. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांनी रात्रभर थांबायला सांगितलं तर थांबा.

दुसरी इजा गुडघ्यापासून सुरू होते. गुडघा डॅशबोर्डवर आपटतो आणि खुब्याचा सांधा मागे निखळतो. पाय आखूड दिसतो, गुडघ्यात दुमडून आत वळलेला असतो. असा पाय चोळू नका, ओढू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. सांधा शक्यतो सहा तासांत जागेवर बसायला हवा, नाहीतर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडतो आणि पुढे तो सांधा कायमचा खराब होऊ शकतो.

डोक्याला मार लागलेला माणूस काही वेळ नीट बोलला म्हणून संकट टळलं असं समजू नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच निघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणांची वाट बघू नका. गरोदर बाईला काहीच लागलेलं दिसलं नाही तरी तिची आणि बाळाची तपासणी झालीच पाहिजे, कारण धक्क्यानं वार सुटू शकते.

आडवाटेवर मदत उशिरा पोहोचते. 108 ला फोन करताना गाव आणि जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा, आणि एकाला मोटारसायकलवर पक्क्या रस्त्यावर उभं करा. गाडीचं इंजिन बंद करा. आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर जखमीला खेचून बाहेर काढू नका. हलवणं भागच असेल तर मान आणि पाठ एका रेषेत धरून, चौघांनी मिळून फळीवर घ्या. पाणी, चहा काही देऊ नका. कदाचित लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गरोदरपणात तो पोटाच्या खालून घ्यावा. मुलाला मांडीवर घेऊ नका, धक्क्याच्या क्षणी कुठल्याही आईबापाचे हात पुरत नाहीत. आणि अशा अपघातानंतर घरी आल्यावर पोट दुखत राहिलं, चक्कर आली, अंग गार पडून घाम फुटला, तर सकाळ होऊ देऊ नका. त्याच रात्री शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा.